देवांची फिरकी घेणारे ग्रीक



ग्रीक पुराणकथा म्हटलं की संगमरवरी पुतळे डोळ्यांपुढे येतात. वज्र उगारलेला झ्यूस, सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस, सगळे धीरगंभीर. या देवांची पहिली टिंगल मात्र खुद्द ग्रीकांनीच केली, तीही देवाच्या उत्सवात, पुजाऱ्याच्या देखत.

साल इसवी सनापूर्वी ४०५. स्पार्टाशी चाललेल्या युद्धाने अथेन्स पार थकलेलं. डायोनिसस हा मद्याचा आणि नाटकाचा देव. त्याच्या लेनाइया नावाच्या उत्सवात अॅरिस्टोफेनिसचं ‘बेडूक’ हे नाटक झालं आणि पहिलं आलं. त्याचा नायक स्वतः डायोनिसस. युरिपिडीस हा मोठा नाटककार नुकताच वारलाय, गावात धड लिहिणारा कुणी उरला नाही, म्हणून नाटकाचा हा देव कवी परत आणायला पाताळात निघतो. पूर्वी हेराक्लीस तिथे जाऊन यमद्वारीचा कुत्रा घेऊन आला होता. म्हणून हा त्याचाच वेष घेतो. अंगात केशरी झुळझुळीत झगा, वर सिंहाचं कातडं, हातात सोटा. तो अवतार बघून हेराक्लीसला हसू आवरत नाही!

पाताळाची जवळची वाट कोणती, असं विचारल्यावर हेराक्लीस सांगतो : गळफास घे, विष पी, नाही तर बुरुजावरून उडी मार.

पुढे वाटेत एक राक्षसीण दिसते. देवाची गाळण उडते आणि तो धावतो थेट प्रेक्षकांकडे. पहिल्या रांगेत डायोनिससचा खराखुरा पुजारी बसलेला असे. देव आपल्याच पुजाऱ्याला म्हणतो, मला वाचव! ही जागा मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे गौळणीत मावशी कृष्णाची फिरकी घेते तेव्हा तिची भक्ती उणावत नाही, तसंच हे. माणूस मनापासून हसतो ते आपल्या देवाला, परक्याच्या नव्हे.

पाताळाच्या दारात तर कहरच होतो. हेराक्लीसने पूर्वी तिथे केलेल्या उचापती या वेषामुळे डायोनिससच्या अंगाशी येतात. खाणावळवाली ओरडते, हाच तो, माझ्या भाकऱ्या फस्त करून पळालेला! घाबरून देव आपला वेष गुलाम झँथियासला देतो, पाहुणचाराचं बोलावणं आलं की परत मागतो, संकट आलं की पुन्हा देतो. शेवटी दोघेही धरले जातात. मी देव आहे, असं डायोनिसस सांगतो. गुलाम म्हणतो, मग हाणा की त्याला, देवाला कुठे लागतंय? दोघांना आळीपाळीने फटके बसतात. दोघेही कळ दाबून भलतंच काहीतरी बडबडतात. मारणाऱ्याला यातला देव कोण, ते शेवटपर्यंत कळत नाही. ज्या शहरात गुलाम बाजारात विकले जात, तिथल्या रंगमंचावर गुलाम आणि देव एका चाबकाखाली सारखेच ठरले. एवढी धीट गोष्ट गंभीर नाटकातून सांगणं कठीण होतं.

अखेर पाताळात युरिपिडीस आणि त्याच्या आधीच्या पिढीतला नाटककार एस्किलस यांच्यात थोर कोण, हे ठरवायला त्यांच्या ओळी चक्क तराजूत तोलल्या जातात. पण शेवटचा प्रश्न असतो, बुडत्या शहराला शहाणा सल्ला कोण देईल? आणायला गेला युरिपिडीसला, घेऊन आला एस्किलसला! पुढच्याच वर्षी अथेन्सने शरणागती पत्करली. हे हसू त्या टोकावर उभं राहून हसलेलं आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला ल्युशियन मला तितकाच जवळचा वाटतो. जन्माने सिरियाचा, लिहायचा ग्रीकमध्ये. त्याच्या मृतांच्या संवादांत मेनिप्पस हा टवाळ तत्त्वज्ञ पाताळात येतो आणि हर्मीस हा देव त्याला एक कवटी दाखवतो : ही हेलन, जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध झालं ती. मेनिप्पस चक्रावतो. या हाडासाठी हजार गलबतं भरून माणसं मरायला गेली? हर्मीस शांतपणे म्हणतो, तू तिला जिवंत पाहिलं नाहीस, नाही तर तूही दोष दिला नसतास. मला तर वाटतं, हर्मीसचं उत्तर मेनिप्पसच्या थट्टेहून खोल आहे.

आणि मग १८५८ सालचं पॅरिस. ओफेनबाखच्या ‘पाताळात ओर्फियस’ या संगीतिकेत ओर्फियस हा व्हायोलिन शिकवणारा मास्तर, आणि त्याची बायको युरिडिसी हिला त्याच्या वाजवण्याचा मनस्वी कंटाळा. ती मेल्यावर हा खूश! पण ‘लोकमत’ नावाची बाई त्याला दटावते, जा, बायकोला परत आण, लोक काय म्हणतील? ज्यूल जानँ या समीक्षकाने या खेळावर सडकून टीका केली, आणि तिकिटांसाठी झुंबड उडाली.

बायकोला पाताळातून आणताना मागे वळून बघायचं नाही, अशी अट असते. मूळ कथेत ओर्फियस प्रेमाने व्याकूळ होऊन मागे वळतो. इथे तो लोकमताच्या धाकाने नाकासमोर चालत असतो. देवाधिदेव ज्युपिटर वैतागून एक वज्र फेकतो, ओर्फियस दचकतो, वळून बघतो. बायको पाताळातच राहते. नवरा सुटला, बायको सुटली, देव नाचायला लागले. हिरमुसलं फक्त लोकमत.