नोड ‘नॉट रेडी’ झाला? आधी चार्जर बघा!

आजचा विषय छोटा, पण डोकं खाणारा. तीन रास्पबेरी पाय बोर्ड घेतले, के-थ्री-एस टाकलं, क्लस्टर मस्त चाललं. के-थ्री-एस म्हणजे कुबरनेटीसचंच हलकं रूप, २०१९ मध्ये रँचरने आणलेलं. मग सोलापूरचा मे महिना. दुपारी लाईट गेली, परत आली, आणि एक नोड ‘नॉट रेडी’!

बरेच जण इथं थेट अनइन्स्टॉल स्क्रिप्ट चालवतात. थांबा! ती स्क्रिप्ट त्या बोर्डवरचा के-थ्री-एसचा डेटाही पुसते. दुकानाचा हिशोब त्यात ठेवला असेल आणि बॅकअप नसेल, तर गेलाच समजा. म्हणून खालून वर तपासायचं.

पहिलं, बोर्डवर एसएसएचने लॉगिन होतंय का? होत नसेल तर दोष बहुतेक वीज, नेटवर्क किंवा मेमरी कार्डचा आहे. कुबरनेटीसला शिव्या देऊन उपयोग नाही.

दुसरं, वीज. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर लागतो. जुना मोबाईल चार्जर आणि बारीक केबल असेल तर लोड आला की व्होल्टेज पडतं. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड’ ही कमांड द्या. उत्तरात नुसता शून्य आला तर ठीक. दुसरं काही आलं तर वीज कमी पडतेय किंवा बोर्ड तापतोय.

तिसरं, उष्णता. चिप ८० अंशांवर गेली की बोर्ड स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडं बाहेरच चाळीसच्या वर असतं, त्यात पत्र्याची खोली! हीटसिंक आणि छोटा पंखा लावाच.

चौथं, घड्याळ. हे कुणाच्या लक्षात येत नाही. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. लाईट आली पण राऊटर अजून सुरू झाला नसेल, तर बोर्डची वेळ मागंच राहते. मग सर्टिफिकेटवरून कुरकुर सुरू. ‘टाइमडेटसीटीएल’ टाकून वेळ बघा, इंटरनेट आल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा.

एवढं करून नाहीच जमलं, तर ‘जर्नलसीटीएल’मधले लॉग वाचा. नवीनच इन्स्टॉल केलं असेल आणि ‘मेमरी सीग्रुप’ सापडत नाही असं दिसलं, तर बूटच्या कमांडलाइन फाईलमध्ये तो चालू करावा लागतो.

आणि आज रात्रीच सर्व्हरवरची सर्व्हिस बंद करून डेटाबेसचं फोल्डर आणि टोकन फाईल पेनड्राइव्हवर घ्या. ॲपचा डेटा वेगळा असतो, तोही घ्या. मेमरी कार्ड सांगून जात नाही!

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!