धावणाऱ्या पायांचा हिशेब



हिंगणघाटच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना आपण पाहतो. मुलांस १६०० व मुलींस ८०० मीटरची चाचणी द्यावी लागते. सराव महिनोन्‌महिने चालतो. त्यांतील काहींची नडगी दुखू लागते. घरची मंडळी म्हणतात, “होईल सवय.” या दुखण्यामागील हिशेब आज आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

पाऊल जमिनीवर आदळते, तेव्हा जमीनही तितक्याच बलाने पायास उलट रेटते. ‘फोर्स प्लेट’ या जमिनीत बसविलेल्या पाटीने हे बल मोजतात. धावताना ते वजनाच्या सुमारे अडीच पट भरते. म्हणजे ६० किलोच्या मुलाच्या पायावर दर पावलास १५० किलोंचा भार. पाऊल एक मीटरचे धरल्यास ५ किलोमीटरमध्ये प्रत्येक पाय तो २५०० वेळा सोसतो.

परंतु हिशेब येथे संपत नाही. शरीर पुढे लोटताना पोटरीचे स्नायू आवळतात व त्यांच्या ओढीने नडगीचे हाड आणखी दाबले जाते. जमिनीवरील आघाताच्या मापांवरून हाडावरील भाराचा भरवशाचा अंदाज येत नाही, असे अमेरिकेतील वँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखविले. म्हणून पाऊल हलके पडले, की हाड सुरक्षित राहिले, असे समजू नये.

हाड सजीव आहे. सरावात झालेली सूक्ष्म झीज ते विश्रांतीत भरून काढते. सराव एकाएकी वाढविल्यास झीज पुढे जाते, दुरुस्ती मागे पडते आणि अखेर बारीक तडा जातो. सैनिकांच्या पायांच्या अशा दुखण्याचे वर्णन प्रशियाचे लष्करी वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच केले होते.

पालकांस आमची विनंती आहे. हाडावर एकाच जागी बोट दाबताच दुखत असेल, धावताना कळ वाढत असेल, तर मलम चोळून मुलास पुन्हा धावावयास पाठवू नये. पहिले काही आठवडे एक्स-रेमध्ये तडा दिसेलच असे नाही. एक्स-रे निर्दोष आला तरी दुखणे खोटे ठरत नाही. वेळीच धावणे थांबविल्यास बहुतेक तडे काही आठवड्यांत भरून येतात. अंगावर काढल्यास हाड पूर्ण मोडू शकते आणि भरतीची संधीही हुकते.

देणगीदारांस प्रांजळपणे सांगतो, या तपासणीचा आरंभ महागड्या यंत्राने होत नाही. तो मुलाची तक्रार खरी मानण्यापासून होतो.