रोजा सोडताना काय प्यावं?

मी भिलाईहून बोलतोय. 1959 साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तिथे रोजा धरून, पाण्याचा थेंबही न घेता पाळी करणारी माणसं आहेत. आजचं सरबत त्यांच्यासाठी.

फौजेत आम्ही जवानांना सांगायचो, घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. म्हणून नुसतं गोड सरबत पुरत नाही.

चार जणांसाठी टरबूज घ्या. पुण्या-मुंबईकडे त्यालाच कलिंगड म्हणतात. बिया काढून चार वाट्या फोडी मिक्सरमधून फिरवा. गाळू नका. एका लिंबाचा रस, पाव चमचा सैंधव, थोडा पुदिना आणि पंधरा-वीस मिनिटं भिजवलेला दोन चमचे सब्जा घाला. साखर नको, टरबूज गोड असतंच.

बेलफळ मिळालं तर गर पाण्यात भिजवून हातानेच कुस्करा आणि गाळा. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की सरबत कडवट होतं.

रोजा सोडताना आधी खजूर आणि साधं पाणी, घोट घोट. दहा मिनिटांनी सरबत. बर्फाऐवजी माठातलं पाणी वापरा. रिकाम्या पोटी एका दमात ग्लास रिचवू नका.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा. मीठ आणि फळं किती घ्यायची तेही विचारा. रोज्यात घेरी आली तर हट्ट धरू नका. आजारी माणसाला रोजा न धरण्याची मुभा खुद्द कुराणाने दिली आहे.