मिश्री आणि मज्जापेशी
(मुळशी तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



मावळ-मुळशीच्या अनेक घरांतून पहाट झाली की चुलीपाशी काळ्या पुडीची डबी उघडते. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजावयाची, बारीक कुटावयाची आणि ती पूड बोटाने हिरड्यांवर घासावयाची. कोणी तिला मिश्री म्हणतात, कोणी मशेरी. ती लावणारी बाई स्वतःस व्यसनी समजत नाही. ती दात घासते. भातलावणीच्या दिवसांत बांधावर बसून तीच बाई तिसऱ्यांदा दात घासते, तेव्हा कारण दातांचे नव्हे, हे तिलाही ठाऊक असते. पुढे दाढ दुखते म्हणून लेकीच्या हिरडीवर हीच पूड लावली जाते, आणि हा विषय शाळेच्या उंबऱ्याच्या आत येतो.

म्हणून तंबाखू मेंदूत नेमके काय करते, हे शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मेंदूतील मज्जापेशी बहुतेक ठिकाणी एकमेकींस चिकटलेल्या नसतात. दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि निरोप त्या फटीतून रसायनाच्या द्वारे जातो. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकांची दोन हृदये घेतली. एकाचा मज्जातंतू उत्तेजित करताच त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयातील द्रव त्याने दुसऱ्या हृदयास दिला. तेव्हा त्या हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित केलेला नसतानाही त्याचे ठोके मंदावले. निरोप द्रवातून आला होता! ही कल्पना आपणांस स्वप्नात सुचली, असे लोवी सांगत असे. ते रसायन पुढे ॲसिटिलकोलीन ठरले आणि १९३६ साली लोवी व इंग्लंडचे हेन्री डेल यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲसिटिलकोलीन पलीकडच्या पेशीवरील ग्राहकांवर बसते, निरोप देते, आणि एक विकर तत्काळ त्याचे तुकडे करते. शाळेचा शिपाई घंटेवर एक टोला देऊन हातोडी ठेवतो, तसाच हा प्रकार होय. तंबाखूतील निकोटीन यांपैकी काही ग्राहकांवर तंतोतंत बसते. परंतु त्या विकरास ते तोडता येत नाही. हातोडी खाली ठेवलीच जात नाही. या टोल्यांनी मेंदूच्या एका भागात डोपामीन नावाचे दुसरे रसायन स्रवते. ‘हे पुन्हा कर’ असे मेंदूस शिकविणारे हेच रसायन. पाढा पाठ झाल्यावर मुलास शाबासकी मिळावी, तशी ही शाबासकी. फक्त येथे पाढा म्हटलेलाच नसतो.

घंटा सतत वाजू लागली की वर्ग तिकडे लक्ष देईनासा होतो. ग्राहकही तसेच बधिर होतात, आणि मेंदू त्यांची संख्या वाढवितो. शरीरातील निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते. रात्रभरात ते बहुतांशी ओसरते, आणि पहाटे वाढलेले ग्राहक रिकामे असतात. डोके जड होते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. मिश्री लावताच बरे वाटते, आणि मिश्रीनेच हुशारी आली असे वाटू लागते. वस्तुतः तिने दिलेले दुखणे तिनेच घटकाभर शमविलेले असते. मिश्रीवाचून पोट साफ होत नाही, ही तक्रारही खोटी नव्हे. आतड्यांना चालना देणाऱ्या मज्जातंतूंतही तसेच ग्राहक आहेत.

तंबाखूस चुना चोळण्याची रीतही अशीच जाणती. चुन्याच्या क्षारतेमुळे निकोटीन मोकळे होऊन तोंडाच्या त्वचेतून लवकर रक्तात उतरते. रसायनशास्त्राचा एक धडाही न वाचता लोकांनी हे शोधून काढले, याचे कौतुक करावे की खेद, हा प्रश्नच आहे.

विवेक व संयम सांभाळणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या सुमारापर्यंत घडत असतो. त्या घडणीत निकोटीन शिरले तर सवय अधिक लवकर जडते आणि अधिक घट्ट बसते. चौथीतल्या मुलीच्या दाढेस मिश्री लावणाऱ्या आईला हे कोणी सांगितलेले नसते. तिला दंतवैद्याची वाट दाखविणे हे तिला दोष देण्यापेक्षा उपयोगाचे. छडीने ग्राहकांची संख्या कमी होत नाही. काही आठवडे निकोटीन न मिळाल्यास मात्र ती हळूहळू पूर्ववत होते. पहिले काही दिवस सर्वांत कठीण असतात. खुर्चीत बसून तंबाखू मळणाऱ्या गुरुजींसही हाच हिशेब लागू आहे.

इतर मादक द्रव्यांच्या वाटा निराळ्या. ब्राऊन शुगर शरीरातीलच वेदनाशामक रसायनांच्या जागा बळकावते. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढविते. ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली येरवड्यास मुक्तांगण केंद्र उभे केले. तेथे व्यसनास आरंभापासून आजार मानून उपचार होत आले. मिश्रीकडे त्या दृष्टीने पाहण्यास अद्याप कोणी सहसा तयार नसते, कारण तिची नशा डोळ्यांना दिसत नाही.

२००३ च्या कायद्यान्वये शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करण्यास आणि अठरा वर्षांखालील मुलास ती विकण्यास मनाई आहे. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. पाचवीच्या मुलांकडून फाटकापासून हे अंतर टेपने मोजून घ्यावे, आत येणाऱ्या टपऱ्या नकाशात दाखवाव्यात. लांबीच्या मापनाचा पाठ त्यातच होतो. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीस व एक शाळा व्यवस्थापन समितीस द्यावी.