शुश्रूषेचे घर निवडताना
(वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या या मालेत विद्वान वक्त्यांनी धम्मातील गहन विषयांवर आपल्याला मार्गदर्शन केले आहे. मी विद्वान नाही, बँकेच्या काउंटरवर बसणारी लिपिक आहे. 'ताई, आत्याच्या वेळी तुम्ही जे पाहिले तेवढेच सांगा,' असे कार्यकर्त्यांनी सुचविले, म्हणून मी उभी राहिले. विषय आपल्या घराघरात आहे, पण त्यावर आपण दार लावून बोलतो.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला वाढविले ते आत्याने. ती महानगरपालिकेच्या रुग्णालयात आया होती. बत्तीस वर्षे तिने परक्यांची भांडी दिली, उचलली आणि धुतली. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी ती एकच प्रश्न दहादा विचारू लागली. मग दुधाचे पातेले कपाटात ठेवू लागली. आपल्याकडे याला 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेतात. आम्हीही दोन वर्षे हसलो, याची आज लाज वाटते.

हा म्हातारपणाचा चाळा नाही, मेंदूचा आजार आहे. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी त्याचे एक रूप १९०६ साली विद्वानांपुढे मांडले, आजही त्यालाच अल्झायमर म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात साठीपुढच्या शंभर माणसांत सातांहून अधिक जणांना, एकूण सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक, आणि ज्यांना शाळा मिळाली नाही असे लोक अधिक. शाळा कोणाला मिळाली नाही, हे या सभागृहात मी सांगायला नको. एक मात्र करा. आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचे नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचाराने सुधारू शकते. आत्याचे तसे नव्हते.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली, पण दार उघडे आणि पुढे लांब गॅलरी. आत्या जिना उतरून चालू लागली की कोणी तरी पोर तिला हाताला धरून परत आणीत असे. तिला आजार आहे हे चाळीला आमच्या आधी कळले होते, आणि चाळीनेच तो निम्मा सांभाळला. पुढे चाळ पुनर्विकासात गेली, आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. दारे बंद, शेजारी अनोळखी. आत्या रात्री उठून गॅलरी शोधायची, टोकाचा संडास शोधायची, भिंतीला हात लावीत फिरायची. मी बँकेत, यजमान दोन पाळ्यांत, मुलीची बारावी. दिवसा ठेवलेली बाई महिना टिकत नसे. एका रात्री आत्या निघून गेली. साडेअकराला सापडली ती तिच्या जुन्या रुग्णालयाच्या फाटकाशी. अनवाणी उभी होती, वॉचमनला सांगत होती, 'माझी नाइट आहे, आत सोड.'

त्या रात्री मी ठरविले की तिला चोवीस तास माणूस असेल अशा ठिकाणी ठेवायचे. माझा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. तो फोनवर म्हणाला, 'बाबासाहेबांची लेकरे म्हातारीला आश्रमात टाकणार का?' बंधूंनो, या 'टाकणे' शब्दाने मला सहा महिने झोपू दिले नाही. ज्येष्ठांना सोडून देणे हा २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण आपल्याला झेपत नाही हे कबूल करून योग्य हात शोधणे आणि सोडून देणे यांत फरक आहे. तो फरक मला वकिलाने नव्हे, विनयपिटकाने समजाविला.

महावग्गातील ती कथा आपणांस ठाऊक आहे. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहीना, कारण त्याचा कोणाला उपयोग नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोके व पाय धरून त्याला मंचकावर निजविले. मग संघाला सांगितले की, येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करायची आहे. ही कथा आपण वारंवार सांगतो. पण तिच्या पुढे बुद्धांनी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत, त्यांकडे आपले लक्ष जात नाही. त्याला औषध देता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना त्याला किळस येऊ नये, आणि वेळोवेळी धम्मकथेने रोग्याचे मन प्रसन्न करता यावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कसोटी पर्समध्ये ठेवून मी घरे पाहायला निघाले.

बरेच वृद्धाश्रम दारातच परत पाठवितात. 'स्वतःचे स्वतः करणारेच घेतो,' असे सांगतात. जे घेतात त्यांतली तीन मी नीट पाहिली. दर महिना पंचवीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत ऐकला.

पहिले घर संगमरवरी फरशीचे. सकाळी अकराला व्यवस्थापकांनी सगळे हौसेने दाखविले. या आजारात बऱ्याच जणांची बेचैनी संध्याकाळी वाढते हे मला आत्यामुळे माहीत होते, म्हणून मी न कळविता दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा गेले. चार म्हाताऱ्या ओढणीने खुर्चीला बांधलेल्या होत्या. 'पडू नयेत म्हणून, मॅडम.' एक जण 'बाय, मला जायचंय' असे ओरडत होती, आणि आया नाकाला पदर लावून म्हणाली, 'डायपर आहे ना, त्यातच कर.' चौथा गुण तिथेच निकालात निघाला. मी त्या आयाला दोष देत नाही. रात्री बावीस जणांमागे ती एकटी होती. म्हणून माझे सांगणे असे की, संगमरवर पाहू नका. रात्री किती जणांमागे किती माणसे असतात ते विचारा, आणि पलंगावरून न उठणाऱ्या एखाद्याची पाठ व टाचा पाहायला मिळतील का ते विचारा. कूस बदलली नाही तर तिथे जखमा होतात. रात्री शांत ठेवायला कोणत्या गोळ्या देतात, कोण लिहून देते, हेही विचारा. मन शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी अशा वृद्धांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. हा दुसरा गुण, पथ्य-अपथ्याचा.

दुसरे घर स्वच्छ होते. माणसे पुरेशी, जेवण गरम. मी जवळजवळ होकार देणार होते. तेवढ्यात संचालिकाबाईंनी आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग 'म्हणजे तुम्ही नक्की कोण?' असे विचारले. सकाळ-संध्याकाळ आरतीला सर्वांनी बसायचे असा नियम होता. पलंगाजवळ बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवता येईल का, असे मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, 'देवाचा चालेल, पुढाऱ्यांचे फोटो आम्ही ठेवत नाही.' घरी यजमान म्हणाले, 'तिला आता काय कळते? सेवा चांगली आहे ना?' प्रश्न रास्त होता. पण आत्या माझे नाव विसरली तरी त्रिसरण-पंचशील विसरली नव्हती. ओळीमागून ओळ, एक शब्द न चुकता म्हणायची. जुनी पाठ झालेली वंदना, जुनी गाणी या आजारात फार उशिरापर्यंत टिकतात. जे एवढेच उरले आहे तेच उंबऱ्याबाहेर ठेवायला सांगणारे घर मला नको होते. पाचवा गुण मी तेव्हा नीट वाचला.

तिसरे घर बदलापूरच्या पुढे, साधा बंगला. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळते, जायला-यायला चार तास लागतात. आम्ही आत्याला बरोबर नेले होते. दाराशी एक आया चादरी घडी करीत बसली होती. आत्या न विचारता तिच्याजवळ जाऊन बसली, एक चादर उचलली आणि रुग्णालयात शिकविलेली कोपऱ्याची घडी घालू लागली. ती आया म्हणाली, 'मावशी, मला नाही येत अशी. दाखवा ना.' व्यवस्थापक अजून माझ्याशी बोललाही नव्हता, पण माझा निर्णय झाला होता. नंतर मी रीतसर सगळे विचारले. आया किती वर्षे टिकतात, पगार किती, महिन्याला सुटी किती. काही जणांना हे प्रश्न विचित्र वाटतात. 'लाभासाठी नव्हे, मैत्रीने' या तिसऱ्या गुणाचा अर्थ आयाने उपाशी राहावे असा मी घेत नाही. अशा घरांतून राबणाऱ्या कितीतरी बाया आपल्याच वस्त्यांतल्या आहेत. बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या आणि पगार थकलेल्या बाईकडून मैत्रीची अपेक्षा कशी करणार?

पहिल्या दोन महिन्यांत आत्याचे वजन चार किलो उतरले. भाऊ म्हणाला, 'बघ, सांगितले होते.' मग कळले की वाटीतली भाजी तिला कळतच नव्हती. ताटात भात-वरण कालवून समोर ठेवल्यावर ती जेवू लागली. हे त्या आयाने ओळखले, मी नव्हे.

आता माझ्या काउंटरचे दोन शब्द, कारण रडत येणारी माणसे मी तिथे रोज पाहते. मुलगा आईचे पासबुक पुढे करतो आणि म्हणतो, 'मी नॉमिनी आहे, पैसे द्या, आश्रमाचे भरायचे आहेत.' नामांकन मृत्यूनंतरसाठी असते, हयातीत त्याने एक रुपयाही काढता येत नाही. दुसरा मुखत्यारपत्र आणतो. करून देणाऱ्याची समज गेली की भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१ प्रमाणे ते मुखत्यारपत्रही संपते. अंगठ्याची सोय आहे, दोन साक्षीदारांपुढे, त्यांतला एक बँकेचा अधिकारी. पण ती शरीराने असमर्थ माणसासाठी आहे. आपण कशावर अंगठा देतो हे कळायला हवे. ती समज गेल्यावर बहुधा उच्च न्यायालयातून पालक नेमून आणण्याची वेळ येते, आणि त्यात महिने जातात, पैसा जातो. म्हणून आजाराची पहिली खूण दिसताच, आई-वडील स्वतः समजून सही करू शकतात तेव्हाच, त्यांच्या इच्छेने 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा पद्धतीचे संयुक्त खाते करा. ठेवी कुठे आहेत ते लिहून ठेवा. निवृत्तिवेतन असेल तर दर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला चुकवू नका. मी बँकेत असूनही आत्याच्या एका ठेवीचे उशिरा केले. ती अजून अडकलेली आहे.

दर दुसऱ्या रविवारी मी जाते. आत्या मला आता 'सिस्टर' म्हणते. मागच्या खेपेला तिने विचारले, 'सिस्टर, माझी रजा मंजूर झाली का?' मी म्हटले, 'झाली.' मग तिने बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले आणि वंदना सुरू केली. शेजारच्या पलंगावरच्या ख्रिस्ती आजीही तिच्या सुरात सूर मिळवीत होत्या.

मी पाहिलेल्या घरांची माहिती एका वहीत लिहून आणली आहे. दर, रात्रीची माणसे, कोणत्या वेळी गेले, काय पाहिले, सगळे त्यात आहे. वही विहाराच्या टेबलावर ठेवीत आहे. ज्यांनी आणखी घरे पाहिली असतील त्यांनी पुढच्या पानांवर लिहावे. बदलापूरच्या बाजूला राहणाऱ्या कोणाला महिन्यातून एकदा आत्याकडे डोकावता आले, तर सभेनंतर मला भेटावे. जाताना सुपारी नेऊ नये, ती गिळताना तिला ठसका लागतो.