आम्ही कॉलेजात काय शिकवितो?
(करकंब येथे केलेले भाषण)



कित्येक वर्षे मी वर्गात नुसती टिपणे उतरवून दिली. एकदा तुमच्याच गावच्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, उसाचा भाव पिकविणारा का ठरवीत नाही?" टिपणांत उत्तर नव्हते. मी त्याला गप्प बसविले! त्याची लाज अजून वाटते.

तिजोरी रयतेच्या घामाने भरते व उच्च शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडले. कर्मवीर भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यास कॉलेज काढले. तेथे मुले राबून शिकली. आज रयतेची मुले वर्गात आली, पण त्यांचे प्रश्न दाराबाहेरच राहिले, तर आम्ही प्राध्यापक पगार कशाचा घेतो?

हल्ली मी आधी मुलांना बोलू देतो. परवा उसाचा खर्च आम्ही फळ्यावर मांडला: बेणे, खत, पाणी, तोडणी. आईची मजुरी कोणीच धरली नव्हती, मीही नाही. ती एका मुलीने धरावयास लावली.