फोटोच्या पाठीवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“काही माहितीचे बोला, पण थोडक्यात बोला,” अशी कार्यवाहबाईंची आज्ञा आहे. म्हणून आज मी फक्त तीन फोटोंविषयी आणि ते काढणाऱ्या यंत्रांविषयी बोलणार आहे. तिन्ही फोटो प्रसिद्ध आहेत. पहिल्यात बायका कॅमेऱ्यापुढे आहेत, उरलेल्या दोहोंत कॅमेऱ्यामागे.

पहिला फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा, अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातला. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तिघीजणी त्यात आहेत. एक आपल्या आनंदीबाई जोशी, दुसरी जपानची केई ओकामी आणि तिसरी सीरियाची साबात इस्लामबुली. तिघींनी आपापल्या देशाचाच पोशाख केला आहे. आनंदीबाई अर्थातच लुगड्यात. त्या काळी स्टुडिओतला कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली लाकडी पेटी. तिला लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता, पुढे भिंग आणि मागे चांदीच्या क्षाराचा लेप दिलेली काच. फोटोग्राफर डोक्यावर काळे कापड घेऊन आत पाही, तेव्हा त्याला समोरची माणसे उलटी दिसत. फोटो निघेपर्यंत जराही हलायचे नाही. म्हणून जुन्या फोटोंतली माणसे अशी गंभीर दिसतात, रागावलेली नसतात हो!

आनंदीबाई १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पण त्या फोटोखाली कोणीतरी तिघींची नावे आणि गावे हाताने लिहून ठेवली. साबातचे नाव ‘ताबात’ असे चुकीचे पडले आहे. तरी लिहिले होते म्हणूनच आज शंभरांहून अधिक वर्षांनी आपण तिघींना नावाने ओळखतो.

दुसरा फोटो आपल्या पुण्यातला, १९४६ सालचा. गांधीजी खाली बसून वर्तमानपत्रांची कात्रणे वाचताहेत आणि पुढे मोठा दिसतो तो चरखा. हा फोटो मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईने काढला. ‘लाइफ’ साप्ताहिकाची ती पहिली स्त्री छायाचित्रकार. गांधीजींच्या मंडळींनी तिला बजावले, “आधी सूत काढायला शिका, मग फोटो.” ती बिचारी शिकली. तो गांधीजींचा मौनाचा दिवस. डोळ्यांवर प्रखर उजेड नको म्हणून तीनच दिवे उडवायची परवानगी मिळाली. तेव्हाचा फ्लॅशचा दिवा काचेचा असे. एकदा भपकन् पेटला की संपला, दुसरा बसवायचा. तिचे पहिले दोन वाया गेले. तिसऱ्याने काम केले, आणि तोच फोटो जगभर गेला.

तिसरा फोटो दिल्लीच्या लाल किल्ल्यावरचा. पंडितजींनी तेथे झेंडा फडकावला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. तो क्षण टिपणाऱ्यांत होमाई व्यारावाला होत्या. जन्म नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. साडी नेसून, सायकलवर बसून त्या दिल्लीभर कामाला जात. त्यांच्याकडे दोन प्रकारचे कॅमेरे होते. ‘स्पीड ग्राफिक’ मोठा आणि जड. ‘रोलिफ्लेक्स’ छातीशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचा. एका रिळावर बारा फोटो. बारा म्हणजे बाराच! आजच्या मोबाइलसारखे सतरा काढून सोळा पुसायचे, असे नव्हते.

पण या बाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पतीच्या नावाने. त्यांचे नाव तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. हात बाईचा, नजर बाईची, नाव मात्र दुसऱ्याचे. पुढे त्यांना त्यांचे नाव मिळाले, २०११ साली पद्मविभूषणही मिळाले. सगळ्याच बायकांचे असे होते का?

आता आपल्या मुळशीकडे येऊ. १९२१ साली येथे धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचे नाव आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण धरण झालेच आणि गावे पाण्याखाली गेली. त्या गावांतून चूल, जाते, देव उचलून ज्या बायका बाहेर पडल्या, त्यांचे फोटो काढायला घरोघर कॅमेरे कुठले? त्यांची नावे आज एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी उरली असतील, तेवढीच.

पुढच्या पिढीचे फोटो मात्र आपल्या ट्रंकांत आहेत. आमच्या सासरी एका लग्नाचा जुना फोटो आहे. मागच्या रांगेत सात बायका उभ्या आहेत. पुरुषांची नावे सगळी सांगता येतात. सातांपैकी दोघींचीच कळली. उरलेल्या पाचजणींनी त्या लग्नात शंभर पाने वाढली असतील, पण आज त्या “कोणीतरी आत्या असावी” एवढ्याच उरल्या आहेत.

म्हणून माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर जुने फोटो बाहेर काढा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा. मग फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. शाईचे पेन नको. शाई पुढे उमटते. ‘सौ. अमुक’ एवढ्यावर भागवू नका. बाईचे स्वतःचे नाव, माहेरचे नाव, गाव, प्रसंग आणि साल लिहा. मोबाइलमधलेही वर्षाला चार चांगले फोटो छापून घ्या आणि त्यांवरही लिहा.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येकीने असा एक फोटो आणावा. मंडळाने त्याची नक्कल काढून एक वही करावी. बुडालेल्या गावांतली एखादी लेक किंवा सून त्यात सापडली, तर तिचे पान पहिले लावू.